पेशवे पार्क: तुमच्या आठवणीत काय काय उरलंय?

शनिपारची

पुण्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाढलेल्या मुलांना सांगितलं तर पटकन खरं वाटत नाही, की सारसबागेला लागून, ऐन शहरात, वाघ-सिंह राहायचे. माझी लेक तिथल्या फुलराणीत, म्हणजे मुलांच्या छोट्या आगगाडीत, अनेकदा बसलीय. पण त्याच कुंपणाच्या आत एकेकाळी हत्ती झुलत उभा असायचा हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, कात्रजला म्हणतेस का?" तेव्हाच ठरवलं, जे आठवतंय ते लिहून काढायचं. माझ्या पिढीनंतर हे सांगणारं कोणी उरणार नाही.

मी सत्तरच्या दशकातली, शनिपाराजवळच्या वाड्यात वाढलेली. मे महिन्यात साताऱ्याहून, मुंबईहून मामे-मावस भावंडं यायची आणि दुपारी चार वाजले की घरात एकच धोशा, "पेशवे पार्कला चला!" घरातलं कोणी मोठं मोकळं नसेल तर वाड्यातला एखादा कॉलेजातला दादा सगळ्यांना घेऊन निघायचा. बाजीराव रोडनं सरळ चालायचं. टेलिफोन भवन, नातूबाग, पूरम चौक. पूरम चौकाच्या पुढे गेलं की वारा आपल्या दिशेनं असला तर वास यायला लागायचा. जनावरांचा, ओल्या गवताचा, लिदीचा असा उग्र वास. आम्ही पोरं तो वास आला की पळत सुटायचो. आजही कुठल्या गोठ्याजवळून गेले की माझे पाय आपोआप भरभर पडतात.

आत गेल्यावर कोणी कुठे आधी जायचं यावरून भांडण ठरलेलं. मुलग्यांना सिंह हवा असायचा. मला माकडांचा पिंजरा. 'प्राण्यांना खाद्यपदार्थ देऊ नयेत' अशी पाटी असायची आणि पाटीखाली उभे राहून लोक खारे दाणे टाकत असायचे. माकडं ते दाणे दोन्ही तळव्यांत चोळून, साल फुंकून मग तोंडात टाकायची. हे मी तासन् तास बघू शकायचे. एक म्हातारी माकडीण होती, ती दाणे स्वतः न खाता आधी पिल्लाच्या हातावर ठेवायची. मग पिल्लाच्या तोंडातून काढून स्वतः खायची!

मगरींची जागा मला कधीच कळली नाही. म्हणजे तिथे बघायचं काय, ते. मगर जबडा वासून पडलेली, हलत नाही, डुलत नाही. आम्हाला वाटायचं ती सिमेंटची आहे. जबडा तासभर उघडा ठेवून ती दमत कशी नाही, हा माझा लहानपणीचा अनुत्तरित प्रश्न आहे. इथे कोणी जाणकार असेल तर सांगा.

थोडी माहिती, नव्या वाचकांसाठी: पुणे महापालिकेनं १९५३ साली सुमारे ७ एकरांत हे प्राणिसंग्रहालय सुरू केलं. १९५६ मध्ये फुलराणी धावू लागली. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये लोकांना खुलं झालं आणि इथले प्राणी टप्प्याटप्प्यानं तिकडे गेले. २००५ मध्ये इथलं प्राणिसंग्रहालय कायमचं बंद झालं. फुलराणी राहिली, झाडं राहिली. नंतर ऊर्जा उद्यान आलं, साहसी खेळ आले.

प्राणी गेले ते बरंच झालं, असं मला मनापासून वाटतं. आणि तरीही त्या जागेवर माझं जीवापाड प्रेम आहे. दोन्ही एकदम खरं आहे. तुमच्याकडे जे असेल ते लिहा: आठवणी, जुने फोटो, तिथे काम केलेल्यांच्या गोष्टी.

टेकडीवाला

सुंदर धागा! वाचता वाचता थेट पर्वती पायथ्याच्या आमच्या जुन्या घरात पोचलो.

तुम्ही तिथे जायचात, आमच्याकडे ते घरी यायचं. आवाजानं. पहाटे आणि दिवेलागणीला सिंह गर्जायला लागायचे. आधी एक लांब, खोल आवाज, मग हळूहळू आखूड होत जाणारे हुंकार, आणि शेवटी नुसतं खर्जातलं धापणं. सिंह गर्जतो तो बहुतेक याच दोन वेळांना, आणि शांत हवेत ती गर्जना ८ किलोमीटरपर्यंत ऐकू जाऊ शकते हे मी फार उशिरा वाचलं. ऐंशीच्या दशकात रस्त्यावर वाहनं कमी होती, म्हणजे अर्ध्या पुण्याला ते ऐकू जात असणार.

आमची आजी सिंहाचा आवाज ऐकून अंथरुणातून उठायची. घड्याळ तिला वाचता येत नव्हतं. "सिंह बोलला, आता पाणी येईल," म्हणायची आणि खरंच नळाला पाणी यायची वेळ झालेली असायची. पाहुणे मुक्कामाला आले की पहाटे दचकून उठून बसायचे. आम्हाला त्याची इतकी सवय झालेली की कोकणात आत्याकडे गेलो तर पहिल्या पहाटे मला ती शांतता नकोशी झाली होती.

बखर

जागेच्या इतिहासाबद्दल थोडं. पर्वतीच्या पायथ्याचं तळं नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. तळ्याच्या मधोमध बेट आणि त्यावर बाग. तीच सारसबाग. तळ्यातल्या गणपतीचं देऊळ १७८४ चं, सवाई माधवरावांच्या काळातलं. सवाई माधवरावांचा जन्म १७७४ चा, म्हणजे तेव्हा ते जेमतेम दहा वर्षांचे. या पोराला जनावरांचं विलक्षण वेड. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना, म्हणजे जनावरं पाळायची जागा, होता आणि तिथल्या सिंह-गेंड्यांच्या नोंदी त्या वेळच्या इंग्रज पाहुण्यांनी करून ठेवल्या आहेत.

म्हणजे १९५३ च्याही दीडशेहून जास्त वर्षं आधी या परिसरात सिंह गर्जत होता. तोही एका लहान मुलाच्या हौसेपोटी. सवाई माधवराव एकविसाव्या वर्षी गेले, त्यांच्या वाट्याला आलेलं राजकारण सगळ्यांना ठाऊक आहे. शिकारखान्यात काढलेल्या दुपारी त्या मुलाच्या आयुष्यातल्या सर्वांत निर्धास्त दुपारी असतील, असं मला नेहमी वाटतं.

शेवटचा डबा

फुलराणीबद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही? मग मी लिहिणार!

नियम एकच: शेवटच्या डब्यात बसायचं. पुढे इंजिनामागे बसण्यासाठी सगळे धडपडतात, पण वळणावर संपूर्ण गाडी दिसते ती फक्त शेवटच्या डब्यातून. बोगदा जवळ आला की पुढच्या डब्यातली पोरं आधी ओरडायला लागायची, मग तो आरडाओरडा एकेका डब्यातून मागे सरकत यायचा, आणि आमची पाळी येईपर्यंत पुढचे उजेडात पोचून गप्प झालेले असायचे. मग बोगद्यात फक्त आमचाच आवाज. हे सुख बाकी कुठल्या डब्याला नाही.

रुळांशेजारच्या झाडांच्या फांद्या हाताला लागतील इतक्या जवळ यायच्या. आई दरवेळी "हात आत!" म्हणायची आणि हात दरवेळी बाहेर असायचा. परवा माझ्या नातवाला घेऊन गेलो होतो. पटकन शेवटच्या डब्याकडे पळालो. तिथे माझ्याच वयाचे एक गृहस्थ नातीला घेऊन आधीच बसले होते. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो, ते सरकले, आम्ही बसलो. बोगद्यात चौघंही ओरडलो.

नवीपेठकर

माझा जन्म १९४८ चा. फुलराणी सुरू झाली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आगगाडी आमच्या घरात कोणी चैनीसाठी वापरत नसे. गावी जायचं, लग्नाला जायचं, मयताला जायचं तर आगगाडी. कुठेही न जाणारी, निघाली तिथेच परत येणारी गाडी असू शकते आणि ती लहान मुलांसाठी असू शकते, ही कल्पनाच अचाट वाटली होती. आमच्या गल्लीतली पोरं आठवडाभर त्यावरच बोलत होती.

पण मला सांगायचंय ते वेगळं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. आम्ही तेव्हा नारायण पेठेत राहत होतो. घर गेलं. भांडी, कपडे, आजोबांच्या पोथ्या, सगळं गेलं. माणसं वाचली. पुढचे काही महिने नातेवाइकांकडे काढले. मोठी माणसं चिखल उपसण्यात आणि अर्ज-विनंत्यांत गुंतलेली, आणि आम्ही मुलं पायात पायात येणारी. तेव्हा काका मला आणि धाकट्या भावाला पेशवे पार्कात सोडून जायचे आणि संध्याकाळी न्यायला यायचे. तिकीट नगण्य होतं आणि आत दिवस निघायचा.

भाऊ पुरानंतर बोलेनासा झाला होता. सहा वर्षांचा होता तो. बोलायचा, पण विचारलं तेवढंच. तो हरणांच्या कुंपणापाशी बसून राहायचा. चितळं होती, सांबरं होती. जाळीतून गवत द्यायचा. एक दिवस मला म्हणाला, "दादा, ह्याच्या जिभेला खरखर आहे बघ." त्या महिन्यांत त्यानं स्वतःहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. मी त्याचा हात धरून पुन्हा पुन्हा जाळीशी नेला आणि तो पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला.

भाऊ आता नाही. त्या बागेचं आमच्या कुटुंबावर ऋण आहे, हे कुठेतरी लिहायचं होतं. शनिपारची ताई, जागा दिलीत त्याबद्दल आभार.

शनिपारची

काका, काय लिहू. हा एक प्रतिसाद आला यातच धागा काढल्याचं सार्थक झालं.

राणीबागेवाली

मी त्या "मुंबईहून येणाऱ्या मावसभावंडां"पैकी. आमच्याकडे राणीची बाग होती, १८६० च्या दशकातली, आजही आहे. त्यामुळे मी तोऱ्यात असायचे की प्राणी आम्हीपण बघतो. पण फुलराणी आमच्याकडे नव्हती ना!

बाबांकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. १२० चा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो. ते बारा फोटो अख्ख्या सुट्टीला पुरवायचे असत, म्हणून आई वाटणी करून द्यायची: शनिवारवाडा, सिंहगड, आजी-आजोबा, आणि पेशवे पार्कला दोन. एक हत्तीपुढे, एक फुलराणीत. हत्तीपुढचा फोटो घरी आहे. आम्ही सहा भावंडं ओळीत, सगळ्यांचे डोळे उन्हानं बारीक, आणि मागे हत्तीचा पोटापासून खालचा भाग. बाबांना आम्ही हवे होतो आणि आम्हाला हत्ती. फोटोत हत्तीचे चार पाय आणि त्यातल्या एका पायाची नखं इतकी स्वच्छ दिसतात की मोजता येतात. स्कॅन करून टाकते.

मोगरा

बरेच दिवस हा धागा नुसता वाचत होते. आज लिहिते. माझे वडील, आमचे अण्णा, पेशवे पार्कात पिंजऱ्यांवर कामाला होते. आधी बिगारी म्हणून लागले, झाडलोट करायचे, मग एका जुन्या माणसाच्या हाताखाली जनावरांचं काम शिकले. आता ऐंशीच्या पुढे आहेत. हे सगळे प्रतिसाद मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवले. नवीपेठकर काकांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला.

अण्णांचा दिवस अंधारात सुरू व्हायचा. जनावर रात्रीतून कसं आहे ते लोक यायच्या आत बघायचं. विष्ठा कशी आहे, कालचं खाणं उरलंय का, बसण्याची जागा बदललीय का. "जनावर सांगत नाही, दाखवतं," हे त्यांचं म्हणणं. वाघ-सिंहांना आठवड्यातला एक दिवस खाणं नसायचं. जंगलात रोज शिकार मिळत नाही, पोटाला तीच सवय बरी. त्या दिवशी शाळेला सुट्टी असली तरी अण्णा आम्हाला पिंजऱ्यांकडे येऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, आज ते नाराज असतात, त्यांना बघायला जाऊ नये.

राणीबागेवाली ताई, तुमच्या फोटोतल्या नखांबद्दल वाचून अण्णा खुलले. हत्तीचे पाय हे मोठं काम असतं. रानातला हत्ती मैलोन् मैल चालतो, तळवा आणि नखं आपोआप झिजतात. फरशीवर एका जागी उभ्या हत्तीची नखं वाढतात, फटी पडतात, त्यात घाण अडकून पू होतो. म्हणून माहूत पाय उचलायला शिकवतो आणि कानशीनं नखं घासतो, तळव्याचं मेलेलं कातडं तासतो. अण्णा माहुताच्या हाताखाली बादली धरून उभे राहायचे. हत्ती पाय उचलून माहुताच्या मांडीवर ठेवायचा, पण भार टाकायचा नाही. तीन पायांवर सगळं वजन तोलून चौथा पाय अलगद ठेवायचा. अण्णा हे सांगताना आजही स्वतःचा हात हवेत तसाच अधांतरी धरून दाखवतात.

आंघोळीला नारळाची शेंडी आणि विटेचा तुकडा. खायला कडबा, ऊस, हिरवा चारा, भाकऱ्या. भाकरी हातानं सोंडेत दिली तर घ्यायचा, खाली टाकली तर सोंड फिरवून दुसरीकडे बघायचा.

आम्हा मुलांना शाळेत "तुझ्या वडिलांच्या कपड्यांना वास येतो" असं ऐकावं लागायचं. त्याच मुली रविवारी पार्कात आल्या की ओळख दाखवायच्या, कारण अण्णा त्यांना मोराचं गळलेलं पीस देतील अशी आशा असायची. अण्णा द्यायचेसुद्धा.

रानजाई

मोगरा ताई, अण्णांना माझा नमस्कार सांगा. मी वन्यप्राण्यांची डॉक्टर आहे आणि लहानपणी पेशवे पार्क बघूनच या वाटेला लागले. त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते.

आधी मगरीचं उत्तर. मगरीला आपल्यासारखा घाम येत नाही. उन्हात शरीर तापलं की ती जबडा उघडा ठेवते, तोंडातल्या ओलाव्याचं बाष्पीभवन होतं आणि डोकं थंड राहतं. ती दमत नाही, कारण जबडा मिटवणारे स्नायू प्रचंड ताकदीचे आणि उघडणारे अगदी मामुली, त्यामुळे सैल सोडून पडून राहणं तिला जड जात नाही. शनिपारची ताई, तुम्ही उभ्या होतात तेव्हा ती बहुधा मजेत होती.

आता जे लिहिणार आहे ते जरा जड आहे. तुमच्यापैकी अनेकांना पेशवे पार्कातलं नाचणारं अस्वल आठवत असेल. मलाही आठवतं. एका जागी उभं राहून डोकं डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. आम्ही टाळ्या वाजवून ताल धरायचो. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला वर्गात सरांनी एका बंदिस्त प्राण्याची चित्रफीत लावली, अगदी तीच हालचाल, आणि सांगितलं की हे वेडावलेपण आहे. दिवसभर करण्यासारखं काही नसलं, जागा तोकडी असली, की प्राणी एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत राहतो. बिबट्याची भिंतीलगतची येरझार तीच, हत्तीचं झुलणं तेच. त्या दिवशी मी डबा न खाता हॉस्टेलवर गेले.

म्हणून प्राणी हलवायलाच हवे होते. कुणा एकाची लहर नव्हती ती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली, १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं आणि देशभरातल्या प्राणिसंग्रहालयांना जागा, पिंजरे, डॉक्टर यांचे निकष लागू झाले. ७ एकरांत ते बसणं शक्य नव्हतं. कात्रजला १३० एकर आहेत, त्यात तलावच ४२ एकरांचा. गजांऐवजी खंदक. पुढे २००९ मध्ये तर प्राधिकरणानं हत्ती प्राणिसंग्रहालयात ठेवूच नयेत असा आदेश काढला. मोगरा ताईंनी पायांबद्दल लिहिलंय ते वाचलं की त्यामागचं एक कारण लक्षात येतं.

प्राणी हलवायचे म्हणजे काय, तेही सांगते, कारण लोकांना वाटतं इंजेक्शन दिलं की झालं. शक्य असेल तिथे भूल टाळतात. वाहतुकीचा पिंजरा कित्येक दिवस आधी प्राण्याच्या जागेला जोडून उघडा ठेवतात. रोजचं खाणं आधी त्याच्या दाराशी, मग थोडं आत, मग अगदी आत. प्राणी स्वतःच्या पायांनी आत जाऊन निवांत खायला लागला की मग एक दिवस दार लावतात. प्रवास थंड वेळेत, शक्यतो रात्री.

सर्वांत अवघड वाघ-सिंह नव्हेत. चितळ! हरणं घाबरली की जिवाच्या आकांतानं धावतात, स्नायू आतून मोडत जातात आणि त्या वेळी वाचलेलं हरीण दोन-चार दिवसांनी, आठवड्यानंसुद्धा मरू शकतं. त्यासाठी कापडाच्या उंच आडोशांची निमुळती वाट करतात, बाहेरचं काही दिसू देत नाहीत, आणि कळपाला न हाकलता हळूहळू पुढे सरकू देतात. माणसांनी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. काका, तुमच्या भावानं गवत दिलेल्या चितळांची वंशावळ कोणीतरी असंच, श्वास रोखून, हलवलेली असणार.

दांडेकर पूल

सगळं पटतं, रानजाई ताई. तरी एक बाजू राहतेय, ती मांडतो.

मी पुलाजवळच्या वस्तीतला. आमच्या घरात फिरायला जाणं हा प्रकार नव्हता. पेशवे पार्क हे आम्हाला चालत जाता येणारं, बसचे पैसे न लागणारं एकमेव ठिकाण. आई चार घरची धुणीभांडी करून परत येताना आम्हाला तिथून घेऊन जायची. माझ्या धाकट्या बहिणीनं आयुष्यात पहिला हत्ती शाळेत जायच्या आधी बघितला, आणि पुस्तकातला हत्ती बघून बाईंना म्हणाली, "हा एवढाच नसतो, बाई."

कात्रजला कुटुंबानं जायचं म्हणजे सगळ्यांचं बसभाडं, तिकीट, दिवसाचा खाडा. आज आमच्या वस्तीतल्या किती मुलांनी वाघ प्रत्यक्ष बघितलाय? मी शनिवारी तिथे अभ्यासिका घेतो, म्हणून विचारतोय. प्राणी परत आणा असं मी अजिबात म्हणत नाही. पण शहराच्या मधोमध, हातावर पोट असणाऱ्यांच्या पोरांना परवडणारी ती जागा गेली आणि तिच्या जागी तसं काही आलं नाही, याचं मला खूप वाईट वाटतं.

रानजाई

तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. याचं उत्तर मुलांना कात्रजला नेणं हेच आहे, आणि ते नुसतं बोलून होणार नाही. अभ्यासिकेतल्या मुलांना न्यायचं ठरवलंत तर मी सोबत येईन आणि माहिती सांगेन. बुधवारी कात्रज बंद असतं, तो सोडून कुठलाही वार धरा.

शेवटचा डबा

बसभाड्याचं आमच्याकडे लागलं. संपर्क निरोपातून करा.

शनिपारची

हे तर फारच छान झालं. खाऊची जबाबदारी मी घेते.

रानजाई, अस्वलाचं वाचल्यापासून मन लागत नाहीये. आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या. मोगरा, अण्णांना अस्वलाबद्दल काही आठवतं का? जमलं तर विचार.

मोगरा

विचारलं. अण्णा आधी बराच वेळ गप्प होते, मग सुटले.

म्हणाले, ते डोकं हलवायचं हे आम्हालाही आवडत नसे. कारण माहीत नव्हतं, पण जनावर सुखात नाही एवढं कळत होतं. सकाळी खाणं आलं की अस्वल गप्प, खाणं संपलं की सुरू. त्यावरून अण्णांच्या डोक्यात आलं की ह्याचं खाणं लवकर संपतं हीच अडचण आहे. त्यांनी बागेत पडलेल्या झाडाचा एक ओंडका पाहिला, सुताराकडून त्याला गिरमिटानं खोल भोकं पाडून घेतली आणि त्यात गूळ आणि भाकरीचा चुरा ठासून भरला. ओंडका आत ठेवला. अस्वल दुपारभर त्याला चिकटून. नखांनी उकरायचं, तोंड लावून जोरात हवा ओढायचं, ओंडका उलटा करायचं, पुन्हा ओढायचं. तो फुरफुर आवाज लांबपर्यंत यायचा. तेवढा वेळ डोकं हलवणं बंद.

मग अधूनमधून ओंडका द्यायला लागले. वरच्यांनी काही म्हटलं नाही.

रानजाई

मोगरा!! आज आम्ही ज्याला एनरिचमेंट म्हणतो, म्हणजे बंदिस्त प्राण्याला गुंतवून ठेवणारं काम देणं, ज्याच्यावर कार्यशाळा होतात, ते अण्णांनी सुताराकडून गिरमिट मारून घेऊन केलं होतं. आपल्याकडचं अस्वल वाळवी आणि मुंग्या खातं. पुढचे दोन वरचे दात त्याला नसतातच, तिथून ते हवा जोरात ओढून वाळवी तोंडात घेतं. अण्णांनी नकळत त्याला त्याचं रानातलं काम परत दिलं. हे सगळं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेव, हात जोडून सांगते. मी येते, यंत्र मी आणते. पाहिजे तर उद्या येते.

मोगरा

या की, अण्णा वाट बघतील. आणि मुंग्यांचं वाचून दाखवलं तर म्हणाले, "डॉक्टरीण बाईंना सांग, गुळाला मुंगळे लागायचे म्हणून मुकादम ओरडायचा, ओंडका बाहेर काढ म्हणायचा. मी काढत नसे. अस्वल आधी मुंगळे खायचं आणि मग गूळ."